जुन्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स टाकताय? या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मशीन कशामुळे अडतंय हे न बघताच ‘सगळ्यात हलकी’ सिस्टीम शोधत बसणं.

आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडा. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम’ एवढंच वाचून थांबू नका, त्याच ओळीत पुढे वाचा. ‘एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असेल तर प्रोसेसर ६४-बिटच आहे, फक्त विंडोज ३२-बिट टाकलेली आहे. अशा मशीनवर ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्या, २ जीबी असेल तर लुबुंटू हे आणखी हलकं लिनक्स. ‘एक्स८६-बेस्ड’ दिसलं, म्हणजे प्रोसेसरच ३२-बिट असेल, तर मात्र अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२-बिट आवृत्ती. जुने व्हिडिओ बघून लुबुंटू ३२-बिट शोधू नका, १८.१० नंतर ती निघालेलीच नाही.

आता डिस्क. ६४-बिट मशीनवर मिंट पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता (म्हणजे ‘लाइव्ह’) चालू करा. त्यातलं ‘डिस्क्स’ उघडून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर शून्याऐवजी आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर हार्ड डिस्क जायच्या वाटेवर आहे. कोणतंही लिनक्स टाका, मशीन अडखळणारच. २.५ इंची साटा एसएसडी बसवा. ती बहुधा ७ मिमी जाडीची असते आणि जुना खण ९.५ मिमीचा, म्हणून सैल बसली तर स्पेसर लावा.

पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही? पेनड्राइव्ह बनवताना रुफस या प्रोग्रॅममध्ये जीपीटी ही नवी विभागणी-पद्धत निवडली गेली असेल. जुन्या बायोससाठी (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमसाठी) एमबीआर ही जुनी पद्धत निवडून पुन्हा बनवा.

लाइव्हमध्येच वायफाय, आवाज आणि झाकण मिटून उघडणं तपासा. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड बऱ्याचदा सुरुवातीला चालत नाही. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.

हलक्या डेस्कटॉपमुळे वाचलेली रॅम ब्राउझरचे चार टॅब लगेच खातात. २ जीबीवर झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू करा, टॅब मोजकेच ठेवा.

आणि इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ (पूर्ण डिस्क पुसा) दाबण्याआधी थांबा. डी ड्राइव्ह ही बहुतेकदा त्याच डिस्कची वाटणी असते. तिथले फोटोही जातील. सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या फायली असतील तर विंडोज असेपर्यंतच त्या युनिकोडमध्ये करून ठेवा. तो फॉन्ट नसेल तर लिनक्सवर मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतील.