आधी पत्ता वाचा, मग पान

आठवी-नववीच्या पोरांना 'नेटवरचं सगळं खरं नसतं' असं नुसतं सांगून काही होत नाही. त्यांना साइटचा पत्ता वाचायला शिकवा. वर्गात एकच मोबाइल असला तरी चालतं, पत्ते फळ्यावर लिहायचे. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडून पुढची एकेरी रेघ शोधायची आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. शिष्यवृत्तीचा 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' हा पत्ता 'गव्ह डॉट इन'वर संपतो. हे शेपूट सरकारी यंत्रणेलाच मिळतं. 'महाडीबीटी-गव्ह-इन डॉट कॉम' असलं नाव मात्र कुणीही विकत घेऊ शकतं. पत्त्याजवळ कुलपाचं चिन्ह दिसलं, तरी त्यावर विसंबू नका; माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. भामट्याच्या साइटलाही ते मिळतं.

मग कपाशीकडे वळा, कारण यात पोरं आपल्याहून हुशार असतात. गुलाबी बोंडअळीवर 'हमखास उपाय' सांगणारं एखादं पान काढा. त्यावरचं 'आमच्याबद्दल' वाचण्यात वेळ घालवू नका, तिथं स्वतःचं कौतुकच असणार. नवीन टॅबमध्ये त्या कंपनीचं नाव टाकून बाकीचे काय म्हणतात ते पाहा. बोंडअळीवर उपाय काय, हा प्रश्न नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या साइटवर शोधायला लावा. तारीखही बघायला सांगा. सरकारी पानही जुनं असू शकतं. "सर, हे तं औषधच विकून राह्यले!" असं कुणीतरी ओरडलं, की पुढचं पान पोरांनाच निवडू द्या.