जुनी लष्करी रायफल ओळखायची तर ठसे थराथराने वाचा

जुनी लष्करी रायफल हातात आली की बहुतेक जण सगळ्यात ठळक ठसा वाचतात, साल बघतात आणि मोकळे होतात. १९१७ लिहिलंय, म्हणजे पहिल्या महायुद्धातली. असा निकाल कुणी दिला की मी त्याला हटकून अडवतो. ज्या भागावर ते साल मारलंय, तेवढा भाग १९१७ मध्ये तयार झाला, एवढंच त्यातून कळतं. बॅरल, म्हणजे नळी, नंतर बदललेली असू शकते, लाकडी दस्ता दुसऱ्याच रायफलीचा असू शकतो, बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा मागेपुढे सरकणारा पोलादी भाग, तिसऱ्याच देशाच्या शस्त्रागारात बसवलेला असू शकतो. लष्करी रायफल अनेक दशकं राबते, दुरुस्त होते, शत्रूच्या हाती पडते, पुन्हा दुसऱ्या शिपायाला मिळते. या प्रत्येक टप्प्याची खूण तिच्यावर राहते, आणि त्या खुणांचा क्रम लावता आला तरच रायफल ओळखली असं म्हणायचं.

परवाना, कागदपत्रं आणि कुलूपबंद जागा यांची सोय झालेली आहे असं धरून पुढे जातो. हाताळण्याआधी नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, सुटणारी असेल तर काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. समोरच्याने ‘रिकामी आहे’ असं सांगितलं असलं तरीही.

आधी घराणं ओळखा

हे सोपं आहे. नळीच्या टोकाला बोथट, चपटं लोखंडी नाक आणि चापाच्या पुढे बाहेर डोकावणारी दहा गोळ्यांची मॅगझिन असेल, तर ती ब्रिटिश आखूड ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्या बोलण्यातली थ्री-नॉट-थ्री. मागच्या टोकाला तीन स्थितींत फिरणारं सेफ्टीचं पातं आणि बोल्टच्या अंगाला चिकटलेली लांब पोलादी पट्टी असेल तर जर्मन माउझर ९८ किंवा तिच्या वंशातली. बोल्टच्या मागे गोल, खरबरीत बोंड असेल तर जपानी अरिसाका. रशियन मोसिन-नागांतच्या बोल्टचा दांडा बोल्टच्या मधोमध आडवा बाहेर येतो. एवढं चित्रांवरूनही जमतं.

ठसे वाचणं

लोक अडकतात ते इथे. मलाही हे जमायला बराच काळ लागला, कारण जो भेटे तो एकच सल्ला देई: ‘सगळे नंबर जुळतात का बघ, जुळले की घे.’ नंबर म्हणजे एकाच रायफलीच्या निरनिराळ्या भागांवर टाकलेला तिचा अनुक्रमांक. हा सल्ला अर्धवट आहे आणि महागात पडणारा आहे. नंबर जुळतात की नाहीत हा दुसरा प्रश्न झाला. ते कधी आणि कोणी जुळवले, हे आधी विचारायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलेल्या जर्मन कार-९८-के, म्हणजे माउझर ९८ च्या आखूड आवृत्तीच्या, रायफली घ्या. युद्धानंतर त्या सुट्या केल्या गेल्या, भाग पुन्हा काळे केले गेले आणि जो बोल्ट हाती आला तो बसवून त्यावर रिसीव्हरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्याचा, नंबर नव्याने टाकला गेला, पुष्कळदा विजेच्या लेखणीने. अशा रायफलीचे नंबर जुळतात, पण ते मूळ जर्मन कारखान्यात जुळलेले नसतात. रिसीव्हरच्या बाजूला मारलेली फुली दिसली तर ती याच प्रवासातून आलेली असण्याची दाट शक्यता. मोसिनवर चौकोनात तिरकी रेघ असलेला छोटा ठसा दिसला, तर तीही सोव्हिएत शस्त्रागारातून नव्याने डागडुजी होऊन निघालेली. अशी रायफल वाईट नसते. ती ‘मूळ अवस्थेतली’ म्हणून मांडली जाते, तेव्हा मात्र माझा आक्षेप असतो.

आता प्रत्यक्ष काम. छोटी टॉर्च घ्या आणि ती वरून मारू नका. धातूच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका आणि भिंगातून पाहा. जुन्या ठशाच्या कडा हाताळून बोथट झालेल्या असतात आणि अक्षराच्या तळाशी आजूबाजूच्या धातूसारखाच काळेपणा असतो. नंतर ठोकलेल्या ठशाभोवती धातू वर उचलला गेल्याची बारीक, धारदार कडा दिसते, आणि खाचेचा तळ उजळ असतो किंवा त्याचा रंग वेगळा असतो. मग पोलादी पट्टीची सरळ कड त्या नंबरावर उभी धरा आणि मागून प्रकाश टाका. पट्टीखालून उजेडाची फट दिसली, तर तिथला धातू घासून खोलगट झालेला आहे, म्हणजे आधी तिथे दुसरं काहीतरी होतं. एकट्या याच खुणेवर निकाल देऊ नका, कारण कारखान्यांतही नंबर खोडून नवे टाकले जात. पण अशा खोलगट जागेवर कोरा करकरीत नंबर बसलेला असेल आणि शस्त्रागाराचा दुरुस्तीचा एकही ठसा सापडत नसेल, तर ती रायफल मी खाली ठेवतो.

हीच पट्टी अरिसाकावर फार उपयोगी पडते. चेंबरच्या वर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल, म्हणजे सम्राटाचं चिन्ह असतं. १९४५ च्या शरणागतीनंतर सोपवलेल्या बहुतेक रायफलींवरचं ते घासून टाकलेलं आहे. घासलेलं फूल हा दोष मानू नका, तो त्या रायफलीचा इतिहास आहे. दोष आहे तो ते पुन्हा कोरून किंमत वाढवण्यात, आणि पुन्हा कोरलेलं फूल नेमकं खोलगट जागेत बसलेलं सापडतं.

ली-एनफिल्डवर सुरुवात दस्ता जिथे रिसीव्हरला मिळतो त्या पोलादी भागाच्या उजव्या बाजूने करा. तिथे मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल एकाखाली एक असतात. मार्क ३ आला १९०७ मध्ये. १९१६ मध्ये उत्पादन सोपं करण्यासाठी मॅगझिन-कटऑफ (मॅगझिनमधल्या गोळ्या रोखून धरणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याचे बाजूचे नेम वगळून मार्क ३ स्टार आला. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या रायफलींवर स्वातंत्र्यापूर्वी मुकुटाबरोबर ‘जी.आर.आय.’ ही राजा-सम्राट जॉर्जची अक्षरं असत, स्वातंत्र्यानंतर अशोकस्तंभाचे सिंह आले. पण वाचन इथेच थांबवायचं नाही. ‘एफ.टी.आर.’ आणि त्यापुढे साल असेल, तर त्या साली रायफल कारखान्यात पूर्ण उघडून नवी केली गेली. काही थ्री-नॉट-थ्री ईशापूरने पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी ४१० बोअरच्या एकबारी मस्केटमध्ये बदलल्या. त्यांच्यावर मूळ साल तसंच आहे, पण मॅगझिनची जागा लाकडाने बुजवलेली आहे. नुसतं साल वाचणारा तिला युद्धातली रायफल म्हणून घरी नेतो.

मोसिनचं खरं वय तर लाकडाखालीच लपलेलं असतं. बॅरलवरचं साल बॅरलचं, रिसीव्हरचं साल त्याच्या मागच्या शेपटीच्या खालच्या अंगाला. ते पाहायला धातूकाम लाकडातून बाहेर काढावं लागतं. फिनलंडने मोसिनचे रिसीव्हर स्वतः कधी बनवले नाहीत, जुन्या रिसीव्हरवर नव्या नळ्या चढवल्या. त्यामुळे १९४० च्या दशकातल्या फिन्निश रायफलीत झारच्या काळातला रिसीव्हर निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. चौकटीतली ‘एस.ए.’ ही अक्षरं फिन्निश सैन्याची.

नकला ओळखायला मात्र इतिहास पाठ हवा. खैबर खिंडीच्या पट्ट्यात, विशेषतः आज पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेल इथे, पिढ्यानपिढ्या हाताने ब्रिटिश रायफलींच्या प्रती बनत आल्या. त्यांवरचे ठसे अनेकदा छिन्नीने कोरलेले असतात, म्हणून एकाच ओळीतली अक्षरं लहानमोठी होतात आणि रोमन ‘एन’ उलटा पडतो. राणी व्हिक्टोरिया वारली जानेवारी १९०१ मध्ये. तिची ‘व्ही.आर.’ ही आद्याक्षरं आणि खाली १९०७ असं साल एकत्र दिसलं, की पुढचं काही तपासायची गरज नाही. तिच्यातून गोळी तर मुळीच झाडू नका.

स्वच्छता

मऊ फडकं, थोडं तेल, बस. सँडपेपर, पितळी पॉलिश, नवं वॉर्निश यांतलं काहीही लावू नका. लाकडावरचे तपासनिसांचे ठसे जेमतेम कातडीएवढे खोल असतात, एकदा घासले की कायमचे गेले.

गोळी झाडण्याआधी

जाणकार बंदूक-कारागिराकडून तपासून घ्या, अपवाद नाही. ‘डी.पी.’ हा ठसा म्हणजे कवायतीपुरती, झाडायची नाही. अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ मध्ये स्प्रिंगफील्ड कारखान्याचे ८,००,००० च्या आतले आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या आतले नंबर टाळा. त्या काळी पोलादाचं तापमान कारागीर नजरेने ठरवत, त्यामुळे काही रिसीव्हर जास्त तापून ठिसूळ झाले आणि फुटले. ‘इतकी वर्षं टिकली, म्हणजे चांगलीच असणार’ हा युक्तिवाद कानावर आला की सरळ दुर्लक्ष करा. ईशापूरची १९६० च्या दशकातली टू-ए दिसायला थ्री-नॉट-थ्रीसारखीच आहे, पण ती ७.६२ मिलिमीटरची. काडतूस ठसा वाचून निवडायचं, चेहरा पाहून नाही.

नोंद

प्रत्येक भागाचा आडव्या प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. वहीत तीन रकाने आखा: भाग कोणता, ठसा जसाच्या तसा काय, आणि त्यावरून निघालेला अंदाज. ठसा आणि अंदाज एकाच रकान्यात लिहू नका, नाहीतर काही वर्षांनी तुमचाच अंदाज तुम्हाला पुरावा वाटू लागतो. अर्धवट झिजलेलं अक्षर मनाने पूर्ण करू नका, तिथे टिंब ठेवा. रायफल विकाल तेव्हा ती वही तिच्यासोबत द्या.