जन्मजात हृदयदोषाचा प्रौढ रुग्ण आयसीयूत आला की

मॉनिटरच्या आधी छातीवरचे व्रण बघा. बरगड्यांच्या बाजूने मागे गेलेला जुना व्रण म्हणजे लहानपणीचा ब्लॅलॉक-टाउसिग शंट (हाताची धमनी फुफ्फुसाच्या धमनीला जोडण्याची शस्त्रक्रिया) असू शकतो, आणि मग त्या बाजूच्या हाताचा बीपी खोटा कमी येतो. दोन्ही हातांचा आणि एका पायाचा बीपी घ्या. ज्या हाताचा जास्त भरेल, आर्टेरियल लाइन (धमनीतून सतत बीपी मोजणारी नळी) त्याच हाताला. नाहीतर बीपी खरंच पडलेला नसताना तो वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन सुरू होतं.

नातेवाइकांना विचारा, घरी सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) किती असतं? आयझेनमेंगरच्या रुग्णात फुफ्फुसातला दाब वाढून कमी ऑक्सिजनचं रक्त छिद्रातून डावीकडे मिसळतं; त्याचं ८०-८५ हे रोजचंच असू शकतं. ते ९८ करायच्या मागे लागू नका. ऑक्सिजन कमी म्हणून त्याचं हिमोग्लोबिन एरवी चढलेलं असतं; उलट ते १३ आलं, तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी तो अॅनिमिया समजा. नुसता हेमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ६५ टक्क्यांच्या वर गेला म्हणून रक्त काढू नका, आधी शरीरात पाणी कमी पडलंय का ते तपासा. ताप आणि डोकेदुखी एकत्र असेल तर मेंदूत गळू नाही ना, हे स्कॅन करून बघा. पाठीतलं पाणी त्याआधी काढायचं नाही.

आता सलाईनच्या नळीकडे या. शिरेतला बुडबुडा एरवी फुफ्फुसात अडकून विरतो; इथे तो हृदयातल्या छिद्रातून डावीकडे जाऊन थेट मेंदू गाठू शकतो. सेट भरताना प्रत्येक थ्री-वे (नळीची तीन तोंडांची तोटी) फिरवून टिचकी मारा, सिरिंज उभी धरा, शेवटचा थोडा भाग ढकलूच नका. एअर फिल्टर लावा. पण ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून रक्त आणि प्रोपोफॉल (भुलीचं दुधाळ औषध) देता येत नाही, तिथे डोळ्यांनाच फिल्टर व्हावं लागतं.

फॉन्टान शस्त्रक्रिया झालेल्यात शिरांचं रक्त मधल्या पंपाशिवाय फुफ्फुसात जातं. व्हेंटिलेटरचा जास्तीचा दाब नेमका तेच अडवतो. पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात ठेवलेला दाब) साधारण ५, कार्बन डायऑक्साइड चढू द्यायचा नाही, आणि जमेल तितक्या लवकर नळी काढायची. मानेतल्या लाइनवर शिरेतला दाब १२-१५ दिसला म्हणून लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड देऊ नका. त्याच दाबावर त्याचं रक्ताभिसरण चालतं.

आणि नाडी १४०ला खिळलेली, वेदनाशामक दिलं तरी हलत नसेल, तर ‘घाबरलाय’ म्हणून सोडू नका. बारा लीडचा ईसीजी काढा. दोनास एक फ्लटर (कर्णिकेचे दोन ठोके, खाली एकच पोचतो) हुबेहूब सायनससारखा, म्हणजे हृदयाच्या नेहमीच्या लयीसारखा दिसतो. बीपी पडत असेल तर लगेच विजेचा शॉक. स्थिर असेल तर आधी अन्ननलिकेतून इको करून कर्णिकेत गुठळी नाही ना ते बघा. भूल देण्याआधी शॉकचे पॅड चिकटवून ठेवा, कारण भुलीने बीपी कोसळला तर ते शोधायला वेळ मिळत नाही.