सायबर फसवणूक आणि मानसिक आरोग्याचा प्रश्न विधिमंडळात कसा न्यावा

पोलीस असल्याची बतावणी करून, फोनवरच अटक झाल्याची म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालून एखाद्या निवृत्त माणसाची पुंजी लुटली जाते, तेव्हा त्या कुटुंबाला सायबर पोलीस, बँक आणि मनोविकारतज्ज्ञ या तिघांचीही गरज पडते. आमदारांना दिलेल्या निवेदनात मात्र बहुधा 'सायबर गुन्हेगारांवर कठोर कारवाई व्हावी' एवढीच मागणी असते. अशा निवेदनाची पोच मिळते, पण त्यावर काही हलत नाही. मंत्र्यांना ठोस उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न लोकप्रतिनिधीच्या हाती कसा द्यावा, याविषयी हे मार्गदर्शन आहे. घटना ताजी असेल तर मात्र निवेदनाआधी 1930 या क्रमांकावर फसवणुकीची तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी गोठवता आले तरच ते परत मिळण्याची आशा असते. पीडित व्यक्ती खचली असेल तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीत बोलता येते.

निवेदनाचा मसुदा करण्यापूर्वी विषय कोणाच्या अखत्यारीत येतो, हे पाहावे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यसूचीत आहेत, तर दूरसंचार आणि बँकिंग संघसूचीत आहेत. त्यामुळे सायबर पोलीस ठाण्यातील मनुष्यबळ किंवा जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाचे रिक्त पद यांविषयी आमदारांकडे जावे, आणि बनावट सिमकार्डांविषयी खासदारांकडे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्येच संमत केला आहे. तेव्हा आमदारांकडे पुन्हा बंदी मागण्यापेक्षा जिल्ह्यातील पोलिसांनी त्याखाली काय कारवाई केली, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

नव्या कायद्याची मागणी करण्याचा मोह आवरावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. संसदेत खासदारांनी वैयक्तिकरीत्या मांडलेल्या विधेयकांपैकी आजवर केवळ 14 विधेयकांचे कायद्यात रूपांतर झाले आणि त्यांतले शेवटचे 1970 मधले आहे. याउलट मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मध्ये लोकांना देऊ केलेले पुष्कळ काही अद्याप मागायचेच राहिले आहे. शासनाने चालवलेल्या किंवा अनुदानित सेवेत उपचार मिळण्याचा हक्क कलम 18 देते, आत्महत्या कमी करण्यासाठी कार्यक्रम राबवण्याची जबाबदारी कलम 29 शासनावर टाकते, आणि रुग्णाच्या हक्कांसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळे स्थापन करण्याचीही तरतूद त्यात आहे. यांपैकी आपल्या जिल्ह्यात काय उभे राहिले, हा प्रश्न टाळून पुढे जाणे कोणत्याही मंत्र्यांना अवघड जाईल.

त्यासाठी हाती आकडे हवेत. माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून जिल्हा पोलीस कार्यालय आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे स्वतंत्र अर्ज करावेत. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारणपणे 150 शब्दांत बसावा. मागील 3 वर्षांत सायबर फसवणुकीच्या किती तक्रारी आल्या, किती गुन्हे दाखल झाले आणि किती रक्कम परत मिळाली, तसेच मनोविकारतज्ज्ञ व समुपदेशक यांची मंजूर आणि भरलेली पदे किती, एवढे मागितले तरी पुरते.

माहिती आल्यावर प्रश्न विधिमंडळाच्या रूढ साच्यात लिहून द्यावा, म्हणजे आमदारांच्या स्वीय सहायकाला तो थोड्या फेरफाराने पुढे पाठवता येतो. उदाहरणार्थ : '(१) जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सायबर फसवणुकीतील पीडितांच्या समुपदेशनासाठी शासनाने कोणती व्यवस्था केली आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' पहिल्या भागात पडताळता येईल असे एकच विधान असावे. त्यात आरोप, तर्क किंवा न्यायप्रविष्ट बाब आली की प्रश्न अस्वीकृत होण्याची भीती असते.

तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, आणि आकडेवारी काढून घेण्यासाठी तेच बरे. अचानक उद्भवलेल्या, सार्वजनिक महत्त्वाच्या घटनेसाठी लक्षवेधी सूचना असते. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक दिवस आधी द्याव्या लागतात, म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठीचा मसुदा दिवाळीच्या आधीच आमदारांच्या कार्यालयात पोहोचलेला बरा.

पीडितांची नावे, आजाराचे निदान किंवा छायाचित्रे निवेदनाला कधीही जोडू नयेत. रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा 2017 च्या अधिनियमाने दिलेला हक्क आहे, आणि निवेदनाच्या प्रती किती हातांतून फिरतील हे कोणालाच सांगता येत नाही. कुटुंबाची संमती असली तरी गाव आणि वय वगळून घटना मांडावी.

उत्तर आल्यावर ते शब्दशः वाचावे. 'बाब विचाराधीन आहे' असे असेल तर पुढील अधिवेशनात तोच प्रश्न तारखेसह पुन्हा विचारण्याची विनंती आमदारांना करावी. 'पद भरण्यात येईल' असे मंत्र्यांनी सभागृहात सांगितले असेल तर ते आश्वासन ठरू शकते आणि त्याचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. म्हणून कार्यवाहीच्या वृत्तांतातील तो उतारा, तारीख आणि प्रश्न क्रमांक यांसह आमदारांकडे लेखी पाठवावा.