मणक्याच्या फ्युजनचा खर्च विचारताना

मणक्याच्या फ्युजन शस्त्रक्रियेसाठी (लगतचे मणके कायमचे एकमेकांना जोडण्यासाठी) दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्ही कागदांवर किती पातळ्या (एक पातळी म्हणजे लगतच्या दोन मणक्यांची जोडी) जोडायच्या आहेत हे पाहावे, कारण 'एल ४-एल ५' (कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका) ही एकच पातळी जोडताना साधारणपणे चार स्क्रू, दोन रॉड आणि बहुधा मधल्या चकतीच्या जागी एक केज (आधार देणारा छोटा सांगाडा) लागतो, आणि पातळी वाढली की हा हिशेबही वाढतो. इम्प्लांटची, म्हणजे शरीरात बसवायच्या या स्क्रू, रॉड आणि केजची, कंपनी, नग आणि प्रत्येक नगाची किंमत लेखी मागावी. "इम्प्लांट वेगळे" असा शेरा असलेले पॅकेज स्वस्त दिसते, पण ते अपुरे असते. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटच्या पाकिटावरची स्टिकरे बिलाला जोडली आहेत का, हेही नातेवाइकांनी जरूर तपासावे.

खोलीची निवड तर फारच महत्त्वाची आहे. अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग वाढला की सर्जनचे आणि भूलतज्ज्ञांचे शुल्कही वाढते. शिवाय विमा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा ५,००० रुपये असताना १०,००० रुपयांची खोली घेतली, तर प्रमाणशीर कपातीची अट (खोलीभाडे मर्यादेबाहेर गेले की त्याच प्रमाणात इतर शुल्कांतही कपात) असल्यास अशा शुल्कांचाही निम्माच भाग मिळू शकतो. मणक्याच्या आजारांना प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यानंतर दावा मिळत नाही असा सुरुवातीचा काळ) आहे का, हे पॉलिसीत आधीच वाचावे.

अतिदक्षता विभागातील दिवस, शस्त्रक्रिया चालू असताना मज्जातंतूंवर यंत्राने ठेवली जाणारी देखरेख, कंबरेचा पट्टा आणि नंतरची फिजिओथेरपी अंदाजपत्रकात आहे का, हे विचारायला संकोच करू नये. फ्युजन खरोखरच आवश्यक आहे का, यासाठी एमआरआयच्या फिल्म घेऊन दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे; त्याची फी एकूण खर्चापुढे अगदी किरकोळ असते.