बॅटरी मेली, पुढची डिकी उघडेना?

पावसाळाभर घोडबंदर रोडच्या सोसायटीत कव्हरखाली पडलेली पोर्शे ९११ (९९७ आणि ९९१ या पिढ्यांची) गणपतीत हमखास रुसते. गंमत अशी, की बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचं कुलूप विजेवर! उचकटू नका. किल्लीने दार उघडा, पायाशी असलेल्या फ्यूजबॉक्समधलं लाल टर्मिनल बाहेर ओढा. त्याला १२ व्होल्टच्या दुसऱ्या बॅटरीची लाल वायर जोडा, काळी दाराच्या चौकटीवरच्या उघड्या लोखंडी खिट्टीला. अलार्म कोकलेल, शेजारी डोकावतील. रिमोटने गप्प करा आणि डिकी उघडा. यावरून गाडी मात्र स्टार्ट करायची नाही.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी. एजीएम (काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवणारी बंद बॅटरी) असेल, तर तिच्या जागी एजीएमच घ्या. बॅटरी काढल्यावर गाडी काचांची जागा विसरते, म्हणून नंतर काचा पूर्ण वर नेऊन बटण क्षणभर धरून ठेवा.