टार्गेटच्या बंदुकीची पैसेवारी कशी काढावी

माझ्या मामांना ट्रॅप नेमबाजीचा, म्हणजे हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडण्याचा नाद होता. कापूस विकून पैसे आले की ते दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजवर आठ दिवस जाऊन येत. ते वारले आणि त्यांची इटालियन बारा बोअर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. महिनाभरात एक दुकानदार घरी आला. त्याने नळ्या उघडूनही पाहिलेल्या नव्हत्या आणि मामींना भाव सांगून मोकळा झाला. तो भाव रानडुकरं हाकलायला ठेवतात त्या साध्या दोन नळीच्या बंदुकीचा होता. मामी हो म्हणणारच होत्या. ‘हे लोखंड घरात ठेवून काय करू?’ असं त्या मला म्हणाल्या, ते अजून आठवतं.

विदर्भातल्या किती घरांत असं होत असेल, म्हणून हे सविस्तर लिहितो. रीत आपल्याच ओळखीची आहे, पैसेवारीची, म्हणजे शंभर पैशांपैकी किती पैसे माल आहे ते ठरवण्याची. पिकाची आधी नजर पैसेवारी, मग सुधारित आणि शेवटी अंतिम निघते, तसंच इथे करायचं.

आधी कागद

परवाना कोणाच्या नावे आहे, मुदत कधीपर्यंत आहे, त्यावर युआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक) आहे का आणि बंदुकीचा क्रमांक परवान्याशी अक्षरन्अक्षर जुळतो का, हे सगळ्यात आधी पाहा. परवानाधारक वारला असेल तर बंदूक घरात ठेवता येत नाही. ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. पुढची वाट जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेतून जाते. बंदूक नेमबाज म्हणून सवलतीत आयात केलेली असेल तर आयातीचे कागद नीट वाचा, कारण अशा बंदुकीच्या विक्रीवर अटी असतात. कागद अपुरे असतील तर बाकी सगळं सोळा आणे असूनही घेणारा निम्म्यावर येतो.

नजर पैसेवारी: बंदूक नेमकी कोणती?

नळीवर बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल असतं. बेरेटा ६८२, पेराझी एमएक्स८ आणि ब्राउनिंगची एकावर एक नळ्यांची बंदूक ही स्पर्धेतली जुनी, ओळखीची नावं आहेत. इटालियन बंदुकीवर चाचणीगृहाचे शिक्के असतात. १९७५ पासूनच्या बंदुकीवर चौकटीत दोन अक्षरं दिसतील, त्यावरून बनावटीचं वर्ष कळतं. ‘एए’ म्हणजे १९७५. घरातले ‘बाबांनी ऐंशी साली घेतली’ म्हणतात, त्यापेक्षा हा शिक्का खात्रीचा.

मग प्रकार. ट्रॅपची बंदूक लांब, बहुधा ३० ते ३२ इंच नळीची, कुंद्याची (खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्याची) गालपट्टी उंच आणि चोक, म्हणजे नळीची तोंडाशी अरुंद होणारी जागा, आवळलेले. स्कीट, म्हणजे आडव्या उडणाऱ्या चकत्यांच्या नेमबाजीची नळी साधारण २८ इंच आणि चोक मोकळे. डबल ट्रॅपची (एकदम दोन चकत्या सुटतात त्या प्रकारची) बंदूक असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्य जिंकलं ते याच प्रकारात, पण २०१६ नंतर तो ऑलिम्पिकमधून गेला. आता ही बंदूक ट्रॅपसाठी घेणारा आधी तिचे चोक तपासेल.

सुधारित पैसेवारी: लोखंड पाहणं

इथे घाई करू नका, खरा भाव इथेच ठरतो. हे काम परवानाधारक दुकानात किंवा परवानाधारकासमोरच करायचं. पहिल्यांदा बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही घरं (काडतूस बसतं त्या जागा) रिकामी आहेत ना, ते डोळ्यांनी पाहून बोटानेही चाचपा.

नळ्या वेगळ्या करा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून पाहा. उजेडाची कडी गोल आणि अखंड दिसली पाहिजे. सावली वाकडी पडत असेल तर तिथे पोचा असतो. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. आपल्याकडे हा गंज बऱ्याचदा निवडणुकीत येतो. आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा होते, मालखान्यात तिला तेल कोण लावणार, आणि मध्ये पावसाळा आला तर नळी आतून खाल्ली जाते. वरवरचा गंज निघतो. खड्डा घासून काढला की नळीची भिंत पातळ होते, म्हणून जाडी मापाने मोजून घ्या. नुसत्या नजरेवर विसंबू नका.

नळ्या त्यांच्या बुडाच्या हुकापासून टांगून लाकडी मुठीने हलकेच टिचकी द्या. घंटेसारखा लांब नाद आला तर जोड पक्के. भद्द आवाज आला तर रिबचा, म्हणजे नळीवरच्या पट्टीचा, डाख सुटलेला असण्याची शक्यता धरा.

बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. फुल चोकमध्ये तोंड त्याहून सुमारे १ मिलिमीटर आवळलेलं असतं. कोणी तोंड कापून घेतलं असेल किंवा चोक मोकळा करून घेतला असेल, तर नळीवरचा चोकचा शिक्का खोटा ठरतो. तेव्हा मापच घ्या. फिरकीचे चोक असतील तर प्रत्येक काढून पाहा. अडकलेला चोक म्हणजे खर्च.

आता ॲक्शन, म्हणजे बंदूक उघडण्या-मिटण्याची यंत्रणा. नळ्या परत बसवा, पण पुढचा लाकडी हात लावू नका, बंदूक बंद करा आणि कुंद्याच्या मानेला धरून हलवा. खडखड झाली, किंवा नळी आणि मागची भिंत यांमध्ये उजेड दिसला, तर बिजागरी झिजली आहे. बंदूक उघडायची वरची कळ नवी असताना उजवीकडे झुकते. वापर वाढत जातो तशी मध्यावर येते आणि डावीकडे गेली की दुरुस्ती जवळ आली समजा. मात्र चांगल्या स्पर्धेच्या बंदुकांचे झिजणारे भाग बदलता येतात, म्हणून ‘लाखभर काडतुसं झाली’ ऐकून लगेच हात आखडू नका. डमी काडतूस घालून दोन्ही नळ्यांचा चाप आणि इजेक्टर (काडतूस बाहेर फेकणारा भाग) तपासा.

कुंदा लोखंडाला जिथे भिडतो तिथे बारीक चीर शोधा. अक्रोडाचं सुंदर लाकूड डोळ्यात भरतं, पण ती चीर मोठी महाग पडते.

मी गुण असे देतो: नळ्यांना ५० पैसे, ॲक्शनला २५, कुंद्याला १५ आणि पेटी, चोक, किल्ल्या व कागदांना १०. वाटणी माझी आहे, तुम्ही बदलू शकता. पण नळ्यांचा वाटा अर्ध्याखाली आणू नका.

अंतिम पैसेवारी

परदेशातला भाव पाहून रुपयांत गुणाकार करू नका. खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाली आणि सवलत प्रामुख्याने नामांकित नेमबाजांपुरती उरली, म्हणून इथला बाजारच वेगळा आहे. दुसरीकडे, २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. ज्याच्याकडे दोन आहेत तो तिसरी घेऊ शकत नाही. त्यामुळे आपल्या गावात गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा पुण्या-दिल्लीच्या नेमबाजांकडे चौकशी करा.

तीन परवानाधारक दुकानांत विचारा, पण ‘कितीला विकता’ यापेक्षा ‘शेवटची कितीला गेली’ हे विचारा. समजा, सुस्थितीतली तशीच बंदूक ५ लाखांना गेली आणि तुमची पैसेवारी ७० निघाली, तर ३ लाख ५० हजार हा सौद्याचा पाया. त्यातून दुरुस्तीचा खर्च पुन्हा वजा करू नका, तो पैसेवारीत आलेला आहे. दुकानदार स्वतःचा नफा काढून बोलेल. थेट नेमबाजाला विकली तर तो फरक तुमच्याकडे राहतो, वेळ मात्र जास्त लागतो.

व्यवहार ठरला की घेणाऱ्याचा परवाना पाहा. आपण दुसऱ्या परवानाधारकाला विकत असू तर शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. अर्जावर पोच घ्या आणि तिची झेरॉक्स परवान्यासोबत ठेवा.

मामांच्या बंदुकीच्या नळ्या आरशासारख्या निघाल्या. कळ अजून उजवीकडेच होती. मी ८५ पैसे लिहून कागद मामींच्या हातात दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्या दुकानदाराला मामींनी स्वतःच फोन लावला.